१:१० डकोटा (२.९ मीटर): ग्लो काढून इलेक्ट्रिक, रिट्रॅक्ट आणि फ्लॅप

डकोटा२९००

मंडळी, १:१० मापाचा रिमोट कंट्रोलचा डकोटा (डग्लस सी-४७ या मालवाहू विमानाचं मॉडेल) या पावसाळ्यात उघडून नव्याने करायचा बेत आहे. पंखांचा पल्ला २.९ मीटर, लांबी १.९४ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ ९२ चौरस डेसीमीटर. बाल्सा आणि बर्च प्लायची बांधणी, वरून २५ ग्रॅमचं ग्लास क्लॉथ. सध्या दोन्ही नॅसेलमध्ये (पंखावरच्या इंजिनाच्या कोशांत) .६१ घन इंचाचे (१० सीसी) टू-स्ट्रोक ग्लो (मिथेनॉलवर चालणारी इंजिनं) आहेत, लँडिंग गिअर पक्का आहे, फ्लॅप नुसते रेघ मारून दाखवलेत. कोरडं वजन ९.८ किलो.

ग्लोच्या जागी इलेक्ट्रिक, रिट्रॅक्ट (आत घेता येणारी चाकं), खरोखर उघडणारे स्प्लिट फ्लॅप, आणि बाहेरचे दोन्ही पंख नवे. पंख नवे अशासाठी की सध्याच्यांना वॉशआउट (टोकाकडे पंखाची मागची कड वर करणारा पीळ) जवळपास नाहीच; लँडिंगला वेग उतरला की विमान डावा पंख टाकतं. कामाची जागा कांदिवलीचा वन बीएचके, तेव्हा एका वेळी एकच भाग टेबलावर.

मोटर कोणत्या मापाची, बॅटऱ्या वेगळ्या की एकत्र, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) नॅसेलमध्ये की फ्युजलाजमध्ये (धडात), इथून सुरुवात करूया का?

टेलड्रॅगर

मोटरच्या आधी प्रॉप ठरवा. खऱ्या डकोटाचा तीन पात्यांचा प्रॉप ११ फूट ६ इंचांचा, म्हणजे साडेतीन मीटर. १:१० ला ३५ सेंमी, १४ इंचांना किंचित कमी. त्यामुळे बाजारातला १४ इंची तीन पात्यांचा प्रॉप स्केललाही बसतो आणि उडवायलाही. बऱ्याच मॉडेलांत दाखवायचा प्रॉप आणि उडवायचा प्रॉप असे दोन वेगळे ठेवावे लागतात, इथे ती कटकट नाही.

वजनाचा अंदाज: दोन इंजिनं, मफलर, टाक्या, थ्रॉटलचे सर्व्हो मिळून १.७ किलो निघेल. दोन मोटरी ८०० ग्रॅम, दोन ईएससी २५० ग्रॅम, दोन ६एस (सहा सेलच्या) ५००० एमएएचच्या बॅटऱ्या १.६ किलो, रिट्रॅक्टचं जास्तीचं वजन अर्धा किलो. म्हणजे उडतं वजन ११.२ किलोच्या आसपास. चौरस डेसीमीटरला १२२ ग्रॅम. एवढ्या मोठ्या विमानाला हे जड नाही, पण हलकंही नाही. कमाल लिफ्ट कोएफिशंट १.२ धरला तर आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत स्टॉल, म्हणजे पंखाची लिफ्ट सुटण्याचा वेग, सेकंदाला १३ मीटर, म्हणजे ताशी ४७ किमीच्या घरात येतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

१४x९ (व्यास आणि पिच, इंचांत) तीन पात्यांचा प्रॉप ८००० आरपीएमला साधारण १२०० वॅट शाफ्टवर खातो. मोटरमधला तोटा धरून बॅटरीतून १४०० वॅट, ६एसवर ६५ ॲम्पियर. भाराखाली २१ व्होल्ट आणि केव्हीच्या ८० टक्के फिरकी मिळते असं धरलं तर ४७० ते ५०० केव्हीची (केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिळणारे आरपीएम), ५०-५५ मिमी व्यासाची आउटरनर हवी. दोन्ही मिळून किलोला २५० वॅट, डकोटासाठी भरपूर. पिच स्पीड ताशी ११० किमी, स्टॉलच्या सव्वादोन पट. डकोटा याहून पळवायचं विमान नाही. १४x१० लावला तर वेग थोडा वाढेल, पण मोटर गरम होईल आणि हातात काही खास येणार नाही.

ईएससी १०० ॲम्पियरचे घ्या. ८० वर भागतं, पण मे महिन्यात नॅसेलच्या आत काय तापमान असतं ते आठवा. दोन्ही एकाच मॉडेलचे, एकाच फर्मवेअरचे. एक जुना पडलाय म्हणून त्याच्या जोडीला नवा लावू नका.

लॅमिंग्टनवाला

तारांबद्दल नीट लिहितो, कारण ट्विनमध्ये (दोन इंजिनांच्या विमानात) ईएससी बहुतेक इथेच मरतात आणि दोष मोटरवर जातो.

बॅटऱ्या नाकात, मोटरी नॅसेलमध्ये. मध्ये ४५-५० सेंमी अंतर आहे आणि ते कुठेतरी भरून काढावंच लागणार. लोक व्होल्टेज ड्रॉपची काळजी करतात, ती फुकट आहे. १० गेजची तार मीटरला ३.३ मिलिओहम. अर्धा मीटर जाऊन-येऊन एक मीटर, ६० ॲम्पियरला ०.२ व्होल्ट गेले. खरी भानगड तारेच्या इंडक्टन्सची. ईएससी सेकंदाला हजारो वेळा करंट तोडतो-जोडतो. बॅटरीकडची तार लांब असली की प्रत्येक तोडणीला व्होल्टेजचा झटका उलटा येतो आणि तो आतले कपॅसिटर गिळतात. ते गरम होतात, फुगतात, आणि एक दिवस भर थ्रॉटलला एफईटी (करंट तोडणारे-जोडणारे ट्रान्झिस्टर) उडतात. अर्ध्या थ्रॉटलला हा त्रास सर्वांत जास्त असतो, म्हणून "फुल थ्रॉटलला टेस्ट केलं, ठीक होतं" याला अर्थ नाही.

म्हणून शक्यतो मोटरकडच्या तीन तारा वाढवा, बॅटरीकडच्या नको. ईएससी सेंटर सेक्शनमध्ये (पंखाच्या मधल्या भागात), फ्युजलाजच्या भिंतीलगत बसवा. तिन्ही तारा एकाच लांबीच्या, एकत्र बांधून न्या, आणि रिसीव्हरच्या अँटेनापासून लांब.

नॅसेलमध्येच ठेवायचे असतील, तर मूळ तारेपेक्षा दर १० सेंमीला एक २२० मायक्रोफॅरड, कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा), १०५ अंशांचा कपॅसिटर. ६एस भरलेला २५.२ व्होल्ट, तेव्हा ३५ चालतो, मी ५० व्होल्टचा लावतो. ३० सेंमी वाढवले तर २२० चे तीन. एक मोठा ६८० लावण्यापेक्षा तीन छोटे बरे, रिपल करंट वाटला जातो. ते ईएससीच्या बोर्डाला जितके चिकटून सोल्डर होतील तितके चिकटवा; तारेच्या दुसऱ्या टोकाला लावलेला कपॅसिटर शोभेचा. पोलॅरिटी दोनदा बघा.

कपॅसिटर लॅमिंग्टन रोडला घेताना कंपनी आणि सिरीज बघून घ्या, नुसतं "लो ईएसआर दे" म्हणू नका. पांढऱ्या पुडीतून सुटे निघतात ते कुठल्या बोर्डावरून उतरवलेत कोण जाणे. कनेक्टर एक्सटी९०-एस, म्हणजे ठिणगी न उडणारे. डाव्या-उजव्या तारांची लांबी सारखी ठेवा.

बीईसीचं (ईएससीतून रिसीव्हरला वीज देणारा भाग): दोन्ही ईएससीच्या रिसीव्हर वायरमधली लाल तार काढून टेप करा. दोन स्विचिंग बीईसी समांतर जोडायचे नाहीत. तुमचे सर्व्हो मोजा: एलेरॉन २, फ्लॅप ४, एलिव्हेटर २, रडर १, टेलव्हील १. दहा डिजिटल सर्व्हो एकदम हलले की १०-१२ ॲम्पियरचा झोका येतो. वेगळा २एस लाइफ (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक, शक्यतो दोन, प्रत्येकाचा स्विच आणि रिसीव्हरमधला प्लग वेगळा. लाइफ भरल्यावर ७.२ व्होल्ट दाखवतो, तेव्हा सर्व्हो तेवढ्याचे आहेत ना ते बघून मग जोडा.

डकोटा२९००

लॅमिंग्टनवाला, मग ईएससी सेंटर सेक्शनलाच टाकतो. फक्त तिथे हवा कशी पोचवायची? आणि बॅटऱ्यांचं राहिलं.

लॅमिंग्टनवाला

सेंटर सेक्शनच्या लीडिंग एजला (पुढच्या कडेला) दोन फटी, लँडिंग लाइट म्हणून खपवता येतील अशा, आणि बाहेर पडायला फ्लॅपच्या पुढे खालच्या बाजूला जाळी. बाहेरची वाट आतल्या वाटेच्या दीडपट ते दुप्पट हवी. सगळे आत येणाऱ्या भोकावर मेहनत घेतात आणि हवा आतच कोंडून ठेवतात.

बॅटऱ्या: प्रत्येक मोटरला आपली आपली. एक कनेक्टर सुटला तर एकच बाजू जाते.

टेलड्रॅगर

इथे माझं उलट मत. दोन्ही पॅक समांतर जोडून एकच बस करा, तिथून दोन्ही ईएससीला फाटे. वेगळ्या बॅटऱ्यांत एक पॅक दुसऱ्यापेक्षा थोडा म्हातारा झाला की त्याचा व्होल्टेज आधी पडतो, त्या बाजूचा ईएससी लो व्होल्टेज कटऑफ आधी मारतो, आणि हे घडतं उड्डाणाच्या शेवटी, म्हणजे लँडिंगच्या रांगेत, कमी वेगात. समांतर असले की दोन्ही मोटरी एकत्र मंदावतात आणि तुम्हाला कळतं.

लॅमिंग्टनवाला

कटऑफ बंदच करायचा असतो, त्यासाठी समांतर कशाला? दोन्ही ईएससीचा एलव्हीसी बंद, टायमर ७ मिनिटांचा, आणि दोन्ही पॅकचा व्होल्टेज टेलिमेट्रीवर वेगवेगळा. सरासरी २५ ॲम्पियर धरले तर ५००० च्या ८० टक्क्यांत साडेनऊ मिनिटं निघतात, म्हणजे एक पूर्ण गो-अराउंड शिलकीत राहतो.

समांतर करायचंच असेल तर जोडण्याआधी दोन्ही पॅक एकाच व्होल्टेजला हवेत. एक भरलेला आणि एक स्टोरेजचा चुकून जोडला गेला तर भरलेल्यातून रिकाम्यात जो लोंढा जातो त्याला कुठलाच फ्यूज नसतो.

टेलड्रॅगर

एलव्हीसी बंद, यावर एकमत. बाकी डकोटा२९०० ठरवतील.

वसईचा_वारा

नवखा प्रश्न आहे. ग्लो नको हे समजलं, पण दोन २० सीसी पेट्रोल का नाही? आवाज तरी विमानासारखा येईल.

इंजिनकाका

अहो, लावता येतात. वजन मात्र वाढतं. २० सीसी, इग्निशन, मफलर, बॅटरी धरून एका बाजूला सव्वा किलोच्या वर जातं, आणि ते सगळं नॅसेलच्या टोकाला. नॅसेलची फायरवॉल .६१ साठी बांधलेली आहे, सिंगल सिलिंडरच्या हादऱ्यांना ती मागून पुन्हा मजबूत करावी लागेल.

दुसरं, पंपावर आता ई२० मिळतं. २० टक्के इथेनॉलमुळे त्याच नीडलवर मिश्रण पातळ होतं, तेव्हा हाय नीडल थोडी उघडायला लागते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या हवेत पाण्याला तोटा नाही. टाकीत पंधरा दिवस राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या डायफ्रामला कडक करतं. एका इंजिनचा डायफ्राम थोडा कडक झाला तर विमान घरी येतं. ट्विनमध्ये एकाचा झाला तर ट्रान्झिशनला एक बाजू अडखळते, आणि तेही नेमकं टेकऑफला थ्रॉटल उघडताना. पेट्रोलवर जायचं तर उडवून झाल्यावर टाकी रिकामी, मग इंजिन कोरडं होईपर्यंत चालवणं, दर वेळी, दोन्ही. जमणार असेल तर खुशाल.

बाल्साताई

पंखांकडे वळूया, कारण विमान पंख टाकतंय त्याला मोटर जबाबदार नाही.

खऱ्या डकोटाचा एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) मुळाशी नाका (NACA) २२१५ आणि टोकाला नाका २२०६. टोकाला फक्त ६ टक्के जाडी. खऱ्या विमानाच्या रेनॉल्ड्स नंबरला (आकार आणि वेगावरून ठरणारा आकडा) ते चालून जातं. आपल्या टोकाला कॉर्ड (पंखाची पुढून-मागे रुंदी) २० सेंमीच्या खाली आणि वेग १५ मीटर, तिथे एवढं पातळ टोक एकदम स्टॉल होतं. प्लॅन खऱ्या रिब जशाच्या तशा छोट्या करून काढलेला असेल तर तो बाजूला ठेवा. टोकाला १२ टक्के जाडी घ्या, २४१२ चालेल. बाहेरून कोणाला फरक दिसत नाही.

वॉशआउट २ अंश. २० सेंमी कॉर्डला ट्रेलिंग एज ७ मिमी वर. बांधताना टोकाच्या रिबखाली ७ मिमीची पट्टी आणि मधल्या रिबना त्या प्रमाणात उतरती पाचर. शीटिंग लावून गोंद पूर्ण वाळेपर्यंत पंख पाटावरून उचलायचा नाही. पाट म्हणून नवा फ्लश डोअर घ्या, ३० मिमीचा. लाकडाच्या वखारीत एक-दोन दरवाजांवर लांब पट्टी ठेवून सरळ बघून आणा. टेबलाच्या सनमायक्यावर विश्वास ठेवू नका.

जोडणी: डकोटाचे बाहेरचे पंख नॅसेलच्या बाहेर सेंटर सेक्शनला बोल्टने जोडलेले असतात, तोच सांधा मॉडेललाही घ्या. सेंटर सेक्शन आडवं सपाट आणि बाहेरचा पंख ५ अंश वर, म्हणून सरळ कार्बन नळी कशी घालायची हा प्रश्न पडतो. नळी वाकवायची नाही. २५ मिमीची नळी बाहेरच्या पंखात पंखाबरोबर सरळ, आणि सेंटर सेक्शनमध्ये ती तशीच ५ अंश तिरकी आत उतरू द्या. आत २५ सेंमी गेली तर टोक २२ मिमी खाली येतं. मुळाशी कॉर्ड ४३ सेंमी, १५ टक्के जाडी म्हणजे ६४ मिमी पोकळी आहे, आरामात मावते. बाही ग्लास-इपॉक्सीची, नळीवर पॅकिंग टेपचा एक थर आणि त्यावर मेण लावून तिच्यावरच गुंडाळून केलेली. टेपच्या जाडीएवढी सैल बसते, तेवढीच हवी. पंख गोल फिरू नये म्हणून मागच्या बाजूला ६ मिमीची पिन आणि एक एम५ नायलॉन बोल्ट.

स्पारच्या मध्ये २ मिमी बाल्साचे वेब, रेषा उभ्या. आडव्या रेषांचं वेब लावणं म्हणजे नुसतं वजन. एक पंख कव्हरिंगआधी ६५० ग्रॅमच्या वर गेला तर कुठे जास्त गोंद ओतला ते शोधा.

प्लायबद्दल: दुकानदार "मरीन प्लाय, एकदम मजबूत" म्हणून देतो ते घेऊ नका. मधल्या थरांत पोकळ्या असतात, टी-नट ओढला की थर सुटतात. फायरवॉल आणि गिअरच्या पाटीला बर्च, ३ मिमीचे दोन थर. बोल्ट, टी-नट, ॲलन स्क्रू नागदेवीला सुटे मिळतात. एम४ चे १२.९ ग्रेडचे मागा.

पावसाळ्यात इपॉक्सीवर वाळल्यानंतर एक तेलकट थर येतो. पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन काढल्याशिवाय पुढचा कोट किंवा रंग दिला तर तो पापुद्र्यासारखा निघतो. ॲसिटोनने पुसून भागत नाही, तो थर पाण्यातच सुटतो. फेविकॉलने जोडलेले सांधे जुलैत रात्रीत वाळत नाहीत, दोन दिवस क्लॅम्प. बाल्साच्या शीट कपाटात एक छोटा बल्ब लावून ठेवा, आणि पंखाचं वरचं-खालचं शीटिंग एकाच दिवसात करा. अर्ध्यावर सोडलेला पंख जुलैत आठवड्याभरात स्वतःहून वळतो.

नवे पंख होईपर्यंत जुन्यांवर उडवायचं असेल तर दोन्ही एलेरॉन ट्रान्समीटरमधून ३ मिमी वर उचला. थोडी लिफ्ट जाते, पण टोक उशिरा स्टॉल होतं.

डकोटा२९००

ताई, तिरक्या नळीचं डोक्यातच आलं नव्हतं. लिफ्टमध्ये फ्युजलाज जात नाही, जिन्याने न्यावं लागतं, म्हणून स्टॅब (शेपटीचा आडवा पंख) सुटा करायचाच आहे. त्याचा पल्ला ८१ सेंमी आहे.

प्रॉप एकमेकांच्या उलट फिरवावेत का?

टेलड्रॅगर

खऱ्या डकोटाचे दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरतात, मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखे. स्केल स्पर्धेत परीक्षक ते बघतो. उडवायला उलटे फिरणारे सोपे: टॉर्क एकमेकांत जातो, टेकऑफला शेपूट वळत नाही. इलेक्ट्रिकला खर्च शून्य, एका मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा आणि उलटा प्रॉप लावा. अडचण एवढीच की तीन पात्यांचे उलटे प्रॉप मिळायला त्रास होतो, आणि रिव्हर्स प्रॉप बाणाची दिशा न बघता उलट्या बाजूला बसवले की विमान धावपट्टीवर जागच्या जागी गोल फिरतं.

इंजिनकाका

आणि दोन्ही मोटरी बाहेरच्या बाजूला २ अंश वळवा, म्हणजे एक बंद पडली तर दुसरीचा खेच कमी होतो.

लॅमिंग्टनवाला

काका, हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण गणित करून बघा. मोटर मध्यरेषेपासून २८ सेंमी, प्रॉप सीजीच्या (गुरुत्वमध्याच्या) ३० सेंमी पुढे. २ अंश वळवल्याने वळवणारा मोमेंट फक्त ४ टक्के कमी होतो. करायला हरकत नाही, काऊल वाकडा दिसला नाही म्हणजे झालं. त्याच्या भरवशावर राहू नका.

टेलड्रॅगर

हो, तोच मुद्दा पुढे नेतो. एका मोटरचा थ्रस्ट ४ किलो धरा, हात २८ सेंमी, म्हणजे १.१२ किलोग्रॅम-मीटरचा पिळा. शेपूट सीजीपासून सुमारे १.१ मीटर मागे. ती सरळ ठेवायला शेपटीवर एक किलोचा आडवा जोर लागेल. फिन आणि रडर मिळून साधारण ८ चौरस डेसीमीटर. पूर्ण रडर दिला तरी सेकंदाला १५ मीटर वेगाला ही शेपटी ८५०-९०० ग्रॅमच देते. २० मीटरला दीड किलो.

म्हणजे १५ मीटर वेगात, जेव्हा पंख अजून स्टॉल झालेला नाही, तेव्हाच एका मोटरच्या पूर्ण थ्रॉटलला रडर पुरत नाही. विमान मेलेल्या मोटरकडे वळतं, तो पंख मागे पडून खाली जातो, आणि हात सवयीने एलेरॉन मारतो. खाली जाणारा एलेरॉन नेमका त्याच पंखावर, आणि तो तिथेच स्टॉल होतो. ट्विनचे बहुतेक अपघात हेच.

म्हणून टेकऑफनंतर सपाट चढा. चाकं सुटली की लगेच ओढायचं नाही, ताशी ७५-८० किमी होईपर्यंत विमान जमिनीला धरून पळू द्या. हवेत विनाकारण वळायला लागलं तर आधी दोन्ही थ्रॉटल खाली. कुठली मोटर गेली हे जमिनीवरून ओळखता येत नाही आणि ओळखायची गरजही नाही. दोन्ही बंद केल्या की सरळ उडणारं ग्लायडर हातात राहतं. नाक खाली, वेग धरा, मग हळूहळू अर्ध्यापर्यंत थ्रॉटल देऊन जिवंत मोटरच्या बाजूला रडर. अर्ध्या थ्रॉटलला रडर पुरतो.

वसईचा_वारा

रडरबरोबर मोटरींचा वेग कमी-जास्त करणारा मिक्स असतो ना? तो यात मदत करेल?

टेलड्रॅगर

उलट नुकसान करेल. एक मोटर गेली की तुम्ही जिवंत बाजूला रडर देणार. मिक्स त्या वळणाच्या आतली, म्हणजे जिवंत मोटरच हळू करणार, आणि मेलेलीला जास्त थ्रॉटल देत बसणार. तो मिक्स फक्त टॅक्सीपुरता: वेगळ्या स्विचवर, १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि एजटीएक्समध्ये (ट्रान्समीटरचं सॉफ्टवेअर) लॉजिकल स्विच टाकून थ्रॉटल ३० टक्क्यांवर गेला की आपोआप बंद.

डकोटा२९००

दोन्ही मोटरींचे आरपीएम कितपत जुळवायचे? पहिल्या सेटिंगला पूर्ण थ्रॉटलवर २०० चा फरक दिसतोय.

लॅमिंग्टनवाला

८००० वर २०० म्हणजे अडीच टक्के, थ्रस्टमध्ये पाच. मोटरला २०० ग्रॅम. रडर ट्रिमच्या एक-दोन टिचक्यांत बसतं, उडताना धोका काही नाही. पण कानाला बोचतं.

आधी दोन्ही ईएससीचं थ्रॉटल कॅलिब्रेशन वेगवेगळं करा, वाय-केबलने नाही. प्रत्येक मोटरला स्वतंत्र चॅनल, प्रत्येकावर सात बिंदूंचा कर्व्ह. जी मोटर जास्त फिरते ती खाली आणा, कमी फिरणारीला वर ढकलायला जागा नसते. टॅकोमीटर ट्यूबलाइटखाली वापरू नका. ५० हर्ट्झची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि तीन पात्यांच्या सेटिंगला टॅको निवांत २००० दाखवतो. टॅको बरोबर आहे का ते तपासायला मात्र हाच आकडा कामाचा.

शेवटचं जुळवणं कानाने. दोन्ही प्रॉप चालू असताना वूं-वूं असा आवाज लाटेसारखा येतो. तीन पात्यांच्या प्रॉपला सेकंदाला एक लाट म्हणजे २० आरपीएमचा फरक. सेकंदाला दोनपेक्षा कमी लाटा आल्या की सोडून द्या, त्याहून बारीक जुळवलेलं पॅक थोडा उतरला की बिघडतंच.

खरी काळजी खालच्या टोकाची. एक मोटर ४ टक्क्यांना सुरू होते, दुसरी ७ ला, आणि तेवढ्यात विमान टॅक्सीला वळतं. कर्व्हचा पहिला आणि दुसरा बिंदू इथे खर्च करा.

बाल्साताई

रिट्रॅक्टबद्दल थोडक्यात. डकोटाची चाकं पुढे आणि वर जातात, निम्मी बाहेर दिसत राहतात. चाक ४.५ इंची बसेल. युनिट १०-१२ किलोच्या विमानासाठीचं, पिन ६ मिमीची. ६ किलोच्या वॉरबर्डसाठीचं (लढाऊ विमानाच्या मॉडेलसाठीचं) स्वस्त युनिट उघडबंद तर होतं, पण खाचरात एकदा उतरलं की आतला प्लास्टिकचा स्लायडर तुटतो. गिअरची पाटी नुसती नॅसेलच्या भिंतींना चिकटवू नका; दोन्ही बाजूंच्या रिब पुढच्या स्पारपासून मागच्या स्पारपर्यंत प्लायच्या करून पाटी त्यांत खाचेत बसवा. युनिटला वीज सर्व्होच्या बसमधून नको, अडकलेला रिट्रॅक्ट एकटा दोन ॲम्पियर खातो.

फ्लॅप: १ मिमी ग्लास शीटचे, चार तुकडे. सर्व्होचा वेग ट्रान्समीटरमधून ३ सेकंद करा. उघडताना नाक वर जाईल, एलिव्हेटरचा मिक्स आधी ३ टक्के डाउनवर ठेवून उंचीवर तपासा.

बदलापूरकर

उडवायचं कुठे हे कोणी लिहिलं नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५ किलोच्या आतलं, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल असेल तर टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण हवाई क्षेत्राचे नियम सगळ्यांना लागू. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत; विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फूट. सांताक्रूझ, जुहू, आता नवी मुंबई, शिवाय नौदल आणि तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र. शहरात जागा उरत नाही. वर मुंबई पोलिसांचे ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोट कंट्रोलवरच्या मायक्रोलाइटना मनाई करणारे आदेश अधूनमधून निघत असतात, घरून निघण्याआधी ते वाचा.

म्हणून बदलापूर, नेरळ, कर्जत. भात कापल्यावर खाचरं मोकळी होतात, पण बांध आणि धसकटं शेपटीला चाक असलेल्या विमानाचं नाक जमिनीत घालतात. निदान ८० मीटर रोलर फिरवलेली पट्टी बघा आणि जागामालकाची परवानगी घ्या. सकाळी ७ ते ९.३०, नंतर आडवा वारा सुरू होतो. बॅटऱ्या उन्हातल्या डिकीत ठेवू नका. चार्ज करून नेल्या आणि उडवणं रद्द झालं तर त्याच संध्याकाळी सेलला ३.८ व्होल्टवर आणा.

इंजिनकाका

रंग कुठला देणार? व्हीपी ९०५ द्या. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटांपैकी एकाचा तो क्रमांक. २०१८ मध्ये हवाई दलात आलेल्या 'परशुराम' या डकोटावर तोच आहे. फोटो भरपूर मिळतील, रिव्हेटच्या रांगा मोजता येतात.

डकोटा२९००

व्हीपी ९०५ च ठरलं होतं काका.

ठरलेलं लिहितो: ४८० केव्ही, १४x९ तीन पाती, दोन्ही एकाच दिशेने. ईएससी सेंटर सेक्शनमध्ये, बॅटऱ्या वेगळ्या, एलव्हीसी बंद. सीजी सरासरी कॉर्डच्या २५ टक्क्यांवर, कॉर्ड ३५ सेंमी, म्हणजे तिच्या लीडिंग एजपासून ८.८ सेंमी. इंजिनं गेल्यावर नाक हलकं होतंय, म्हणून बॅटऱ्या कॉकपिटच्या खाली पुढे सरकवल्या. टेलव्हील रडरलाच जोडू का?

टेलड्रॅगर

नको. दोन्ही एकाच दिशेने फिरवणार असाल तर टेकऑफला डावीकडे ओढ येणारच, आणि रडर भरपूर दिला की टेलव्हीलही तेवढंच वळून विमान उजवीकडे झेपावतं. टेलव्हीलला स्वतःचा सर्व्हो, टॅक्सीला ३० अंश आणि टेकऑफच्या स्विचवर ५ अंश. खऱ्या डकोटालाही टेलव्हील लॉक आहेच. ताण सर्व्होवर येऊ नये म्हणून दोन्ही पुल-पुल तारांत एकेक छोटी स्प्रिंग.

थ्रॉटल उघडायला चार सेकंद घ्या, शेपूट उचलेपर्यंत एलिव्हेटर थोडा मागे. बॅटरी ट्रेच्या पुढे ३ मिमी प्लायची आडवी भिंत घाला. नाक घासलं की दीड किलोचे पॅक वेलक्रो तोडून थेट कॉकपिटच्या काचेतून बाहेर येतात.